बधिर जागेचा नकाशा

मुलीची पाचवी, म्हणजे शेवटची, मंगळागौर नुकतीच झाली होती. त्यासाठी ती कल्याणहून आमच्याकडे ठाण्याला आली होती आणि रविवारी मी तिला सासरी पोचवणार होतो. शुक्रवारी कचेरीतून घरी आलो तो तिचे सासरे ओसरीवर बसलेले. पागोटे डोक्यावरच होते. मुलगी आत आहे एवढी त्यांनी खात्री करून घेतली आणि आवाज उतरवून म्हणाले, "तिला इतक्यात पाठवू नका. कार्तिकापर्यंत राहू द्या इथेच."

मी कारण विचारले.

"तिचा उजवा हात पाहिलात का?"

मी पाहिला नव्हता. सोळा वर्षांच्या लेकीचा हात बाप कशाला निरखून पाहील?

मग त्यांनी सांगितले ते असे. आषाढात घरी तळण चालले होते. कढत तेल सुनेच्या हाताच्या पाठीवर उडाले आणि ती तशीच पुऱ्या लाटत राहिली. फोड आला तो आधी सासूला दिसला, मग हिला. दुपारी सासूने सुई घेऊन पाहिले. अंगठ्याच्या मुळापासून तर्जनीच्या मुळापर्यंत सुई टोचत होती आणि हिला कळत नव्हती.

रोगाचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही घेतले नाही. अंगावर चट्टा आणि चट्ट्याला स्पर्श नाही, याचा अर्थ आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो.

"माझ्या घरात अजून दोन मुली उजवायच्या आहेत," ते म्हणाले. "तुळशीचं लग्न होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. तोवर काही निराळं निघालं तर देव पावला. नाही निघालं, तर मुलाचं दुसरं बघावं लागेल. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?"

गृहस्थ वाईट नव्हते. जावई पुण्याला शिकत होते. त्यांना कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे.

ते गेल्यावर मी मुलीला उजेडात बोलावले. हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, भाजल्याची जागा भरून आली होती आणि ती आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकी होती. तिच्या आईने डोक्यातला आकडा काढून त्याचे टोक तिथे लावले. मुलगी आईच्या तोंडाकडे पाहत होती, हाताकडे नाही.

"कधीपासून गं हे?" आईने विचारले.

"संक्रांतीपासून असेल. आधी मुंग्या यायच्या. मग काही वाटेनासं झालं."

"आणि कोणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? दुखत असतं तर सांगितलं असतं."

मी जमीन मोजणीच्या कचेरीत आहे. साखळीवाले शेतात मोजून आणतात, त्यावरून नकाशा काढायचा आणि त्या नकाशाचे क्षेत्र काढायचे, हे माझे काम. आकडा चुकला तर दोन शेतकऱ्यांची डोकी फुटतात, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय काही लिहायचे नाही ही सवय मला लागली आहे. या बाबतीत मात्र जग खात्रीसाठी थांबणार नव्हते. हौदावर शेजारणीने सहज विचारले, "लेक अजून आहे वाटतं?" त्या दिवसापासून माझ्या बायकोने मुलीला हौदावर पाठवणे बंद केले. मुलगी घरातसुद्धा उजवा हात पदराखाली ठेवू लागली.

ठाण्यात तेव्हा मुंबईला शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी दवाखाना काढला होता. माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला तिरसट, पण दिसले नाही ते दिसले म्हणून सांगत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन गेलो.

त्यांनी प्रथम हाताकडे पाहिलेच नाही. कानाच्या पाळ्या पाहिल्या, भुवया पाहिल्या, कोपराच्या मागे बोटे फिरवली, मानेच्या बाजूला दाबून पाहिले. बायको माझ्याकडे पाहू लागली. मग त्यांनी मुलीला अंगठा आपल्या बोटावर जोराने दाबायला सांगितले. तिने दाबला. "ताकद शाबूत आहे," ते पुटपुटले. मग डोळे मिटायला लावून कापसाच्या तंतूने आणि टाचणीने त्यांनी हातभर फिरून पाहिले आणि जिथे तिला कळेनासे होई तिथे शाईचा एकेक ठिपका दिला. ठिपके जोडले तेव्हा एक आकृती तयार झाली. तिचे एक टोक अंगठ्यावर, दुसरे तर्जनीच्या मुळाशी आणि तिसरे वर मनगटाकडे, जिथे सोन्याचा गोठ, म्हणजे जाड कडे, होता तिथे.

"हा काढा."

"निघत नाही," बायको म्हणाली. "लग्नात घातला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हात वाढला."

डॉक्टरांनी गोठाच्या काठाला लागून बोटाने हलकी टिचकी मारली. मुलीने हात झटकन मागे घेतला.

"लागलं?"

"नाही. अंगठ्यापर्यंत मुंग्या गेल्या."

"पण अंगठ्याला तर तुला काही कळत नाही ना?"

"नाही कळत. पण मुंग्या तिथेच गेल्या."

त्यांनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तेच झाले. मग त्यांनी तिचा हात खिडकीशी नेला आणि गोठ निरखून पाहिला. अंगठ्याच्या बाजूला तो आत चेपलेला होता. बाहेरून पाहताना इतके लक्षात येत नव्हते, कारण सोने घासून गुळगुळीत झाले होते.

"हे कधीचं?"

"दिवाळीच्या आधीचं. पोहे कांडताना मुसळ निसटलं आणि मनगटावर बसलं. तेव्हा फार दुखलं. सासूबाई म्हणाल्या, सोनाराला दाखवू. मग घरात सुतक आलं, मग पौष आला, आणि मग राहिलंच."

डॉक्टर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. आम्ही तिघे उभेच होतो.

"दोन गोष्टी असू शकतात," ते म्हणाले. "एक तुम्हाला भीती वाटते ती. तिची दुसरी काही खूण मला सापडली नाही, पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. दुसरी ही की या गोठाखाली मज्जातंतू चेंगरला आहे. कोणती, ते मी आज सांगू शकत नाही."

मज्जातंतू म्हणजे तारायंत्राच्या तारेसारखे काही असावे, अशी माझी समजूत होती. मी तसे म्हटले.

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. "तार मेलेली असते. तोडली, जोडली, काम सुरू. हा तंतू म्हणजे एका जिवंत पेशीचा हात आहे." त्यांनी पाटीवर खडूने एक ठिपका काढला आणि त्यातून पाटीच्या कडेपर्यंत एक रेघ. "ही पेशी. साध्या डोळ्यांना दिसत नाही. ती इथे आहे." त्यांनी स्वतःच्या मानेच्या मागे, मणक्याच्या शेजारी बोट ठेवले. "आणि तिचा तंतू इथून निघून काखेतून, दंडावरून, या मनगटावरून अंगठ्याच्या कातडीपर्यंत जातो. मध्ये कुठे जोड नाही. एकच पेशी, एकच तंतू. पेशी मोहरीएवढी धरलीत, तर तंतू या दारातून निघून रस्त्यापलीकडच्या पिंपळाशी पोचेल."

मी नकळत दारातून पिंपळाकडे पाहिले.

त्यांच्याकडे विलायती सूक्ष्मदर्शक होते. माझा चेहरा पाहून असेल किंवा मी प्रश्न फार विचारले म्हणून असेल, त्यांनी एक काच त्याखाली सरकवली आणि मला डोळा लावायला सांगितले. कण्यातल्या मज्जेचा पातळ काप आहे, लाल रंगात बुडवलेला, एवढे ते म्हणाले. कोणत्या प्राण्याच्या कण्यातला, हे मी विचारले नाही.

आधी नुसते लाल धुके दिसले. मग एकदम त्यातून एक आकृती वर आली. मोजणीच्या कामासाठी मी पूर्वी कोलशेतच्या खाडीवर जात असे. तिथे ओहोटीच्या वेळी चिखलातून तिवराची मुळे उघडी पडतात, तसे काहीतरी. मध्ये एक वेडेवाकडे धड, त्याच्या पोटात बीसारखा गोल डाग, आणि चहूकडे फाटे. फाट्यांना आणखी फाटे. एक धागा मात्र कुठेही न फुटता सरळ निघाला होता आणि काचेच्या उजेडाबाहेर गेला होता.

"बारीक फाटे बातमी घेतात," डॉक्टर माझ्या मागून म्हणाले, "आणि तो सरळ धागा ती पुढे नेतो. ही स्नायू हलवणारी पेशी आहे. स्पर्शाच्या पेशीला असे फाटे नसतात. ती गोल असते आणि तिचा धागा निघाल्याबरोबर दोन वाटा धरतो. एक कातडीकडे, एक कण्यात. कातडीला काही लागलं की धाग्यात एक बदल होतो आणि तो बदल धावत वर जातो. आगगाडीपेक्षा जलद, तारेपेक्षा पुष्कळ हळू. धाग्यावर चरबीचं पांढरं वेष्टन असतं, त्यानं वाट मोकळी राहते."

"आणि पुढे? पुढच्या पेशीला जाऊन चिकटतो?"

"चिकटतो असं आम्हाला शिकवलं. आता युरोपात काही जण म्हणतात की चिकटत नाही. अगदी जवळ जाऊन थांबतो आणि बातमी ती फट ओलांडते. कशी ओलांडते, ते त्यांनाही ठाऊक नाही."

बायकोला या कशात रस नव्हता. "हिचं काय ते सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाटीवरच्या रेघेवर मध्येच बोट दाबले. "गोठ इथे बसलाय. नुसतं वेष्टन बिघडलं असेल तर दाब काढल्यावर ते सुधारेल. आतला धागाच तुटला असेल, तर तुटल्यापलीकडचा भाग मेला, कारण त्याला पोसणारी पेशी मानेत आहे. पण ती पेशी जिवंत असली तर नवं टोक काढते. ते हळू वाढतं, महिन्याला जेमतेम एक पेर असं मानतात. म्हणजे बधिर जागा मनगटाकडून आटत जाईल. आणि दुसरा रोग असेल तर गोठ काढून काही होणार नाही. जागा तेवढीच राहील किंवा पसरेल. तेव्हा गोठ तोडा आणि वाट बघा."

तोडा, हा शब्द उच्चारल्याबरोबर बायको मागे सरली. बाहेर पडताना डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "आणि तो रोग निघाला, तरी ती तुमचीच मुलगी असणार आहे. तेव्हा तिचं ताट-भांडं वेगळं करू नका."

गोठ सासरचा होता. त्यांना न विचारता तोडणे मला पटेना, म्हणून पुढच्या रविवारी मी एकटाच कल्याणला गेलो. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आम्ही घातलेला दागिना तुम्ही तोडणार," ते म्हणाले, "आणि मग दोष पोरीचा नव्हता, दागिन्याचा होता, असं चार लोकांत सांगणार."

"मी लोकांत काही सांगणार नाही."

"तोडा. मी नाही म्हणत नाही. पण सुवासिनीच्या हातातलं सोनं बापानं तोडलं आणि उपयोग झाला नाही, तर तो गोठ सांधायला आमच्याकडे आणू नका."

आत कोणीतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला. विहीणबाई दाराआड होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

घरी बायको दोन दिवस नीट बोलली नाही. जिवंत नवऱ्याच्या बायकोच्या हातातून दागिना कापून काढायचा, म्हणजे काय करायचे हे ती बोलून दाखवत नव्हती, आणि बोलण्याची गरजही नव्हती. हात मोकळा करतात तो एकाच प्रसंगी. आम्ही तेल लावून पाहिले, रिठ्याच्या फेसात हात बुडवून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. हात सुजला, मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, गोठ जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कासाराला बोलावले आणि मुलीच्या दोन्ही हातांत सैल हिरव्या बांगड्या भरल्या. कुंकू नव्याने लावले. मग मला म्हणाली, "आता बोलवा सोनाराला. हात रिकामा होणार नाही, मग माझं काही म्हणणं नाही."

सोनारही कुरकुरला. "ताई, तोंड पूर्वेला करा," असे त्याने मुलीला सांगितले, स्वतः काहीतरी पुटपुटला आणि गोठाखाली पत्र्याची पट्टी सरकवू लागला. चेपल्या बाजूला पट्टी जाईना. तिथे गोठ कातडीत रुतला होता. शेवटी उलट्या बाजूने, करंगळीच्या अंगाने, त्याने बारीक करवत लावली. करवतीचा आवाज चालला होता तोवर बायको देवापाशी जाऊन बसली होती. दोन ठिकाणी कापून गोठ उघडला तेव्हा मनगटावर पांढरीफटक खाच दिसली. मुलगी ती खाच चोळत बसली.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी कचेरीला जाण्याआधी मी मोजणी करू लागलो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मुलीचे डोळे बांधायचे, बाहेरून आत टाचणी लावत यायचे, कळेनासे होईल तिथे ठिपका द्यायचा, मग वर पातळ कागद धरून सीमा उतरवून घ्यायची. क्षेत्र काढणे मला नवीन नव्हते.

पहिल्या दोन आठवड्यांत सीमा हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात क्षेत्र वाढलेले निघाले. मी पुन्हा काढले, तेवढेच आले. बायकोने विचारले, "काय?" मी म्हटले, "अजून काही नाही." त्या दिवशी कचेरीत माझे लक्ष लागेना. दुपारी एकदम ध्यानात आले की मागच्या वेळी तिचा हात पसरलेला होता आणि या वेळी तिने मूठ किंचित वळली होती. मूठ वळली की हाताच्या पाठीची कातडी ताणते आणि ठिपके एकमेकांपासून लांब जातात. घरी आल्यावर मी एका पाटावर तिच्या हाताची बाह्याकृती खडूने आखली आणि दर वेळी हात त्याच रेघांत ठेवायचे ठरवले. पुढच्या सोमवारी क्षेत्र पहिल्याइतकेच आले. वाढले नव्हते. पण घटलेही नव्हते, आणि भाद्रपद संपत आला होता.

टाचणी लावताना मी मधूनमधून ती नुसती वर धरी आणि विचारी, "आत्ता?" माणसाला जे हवे असते ते त्याला जाणवते, म्हणून ही खबरदारी. मुलगी आजवर अशा वेळी बरोबर "नाही" म्हणत आली होती. नवरात्राच्या सुमाराला एकदा मी टाचणी हवेत धरली असताना ती म्हणाली, "टोचलं."

"कुठे?"

"अंगठ्याच्या मुळाशी."

मी मोजणी चालू ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले. बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"अगं, बाबांनी हात लावला नाहीये."

मुलीने डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली. माझ्या हातातली टाचणी तिच्या हातापासून वीतभर दूर होती.

"मला खरंच टोचलं."

"टोचलं म्हणून म्हटलंस म्हणजे टोचलं होत नाही," आई म्हणाली. "कल्याणला सासूबाई सुई घेऊन बसतील तेव्हा काय करशील? तिथेही असंच म्हणशील?"

"मी खोटं नाही बोलले."

"मग बाबा खोटं बोलतायत?"

मुलगी उठून आत गेली. त्या आठवड्याचा नकाशा मी काढला नाही. जिची साक्ष घ्यायची तीच भरवशाची राहिली नाही तर ठिपके कशावर द्यायचे? मला तिचा राग आला नव्हता. तिच्या जागी मीही टोचलं म्हणालो असतो. पण कार्तिक महिनाभरावर आला होता आणि आता माझ्या हातात काहीच उरले नव्हते.

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो आणि घडले ते जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मला पुरते बोलूही दिले नाही.

"कुठे टोचलं म्हणाली?"

"अंगठ्याच्या मुळाशी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि तुम्हाला वाटलं ती थाप मारते."

"तिच्या आईला वाटलं."

"तुम्हालाही वाटलं, नाही तर इथे आला नसता." त्यांनी पाटी पुढे ओढली आणि मागच्यासारखीच रेघ काढली. "मानेतल्या त्या पेशीला डोळे नाहीत. बातमी रेघेवर कुठून निघाली, ते तिला कळत नाही. ती सगळ्याच बातम्या टोकाकडून आल्या असं धरते. मी मनगटावर टिचकी मारली तेव्हा मुंग्या अंगठ्यात गेल्या, आठवतं? कोपर आपटलं की करंगळी झिणझिणते, ती यामुळेच. आता नवं टोक वाढत असेल, तर ते कोवळं असतं, कशानंही चाळवतं. नुसत्या गार वाऱ्यानं, कशाशिवायही. आणि दर वेळी पेशी सांगते, अंगठ्याला टोचलं. तुमची मुलगी जे सांगते ते तिला मिळालेल्या बातमीबरहुकूम सांगते."

"म्हणजे बरं होतंय?"

"म्हणजे बरं होत असण्याची शक्यता मागच्या महिन्यापेक्षा अधिक आहे. याहून जास्त मी म्हणणार नाही."

घरी येऊन मी मुलीला हे समजावून सांगितले. बायकोही ऐकत होती. मुलगी म्हणाली, "मग मला खरं टोचलेलं आणि हे, यातला फरक सांगता येईल. हे आतून येतं. झिणझिण येऊन जाते. टाचणी लगेच थांबते."

पुढच्या सोमवारपासून ती दोन निरनिराळी उत्तरे देऊ लागली. "टाचणी." "आतलं." "काही नाही." दसऱ्यानंतरच्या नकाशात मनगटाकडचे टोक प्रथमच बोथट झालेले दिसले. तिथे आता तिला टाचणी कळत होती. बोचरी नाही, बोथट, पण कळत होती. त्यानंतर दर आठवड्याला सीमा थोडी थोडी खाली उतरू लागली. दिवाळीत मी तिला दिव्यांच्या जवळ जाऊ दिले नाही. माझा धीर मात्र आकड्यांनी वाढण्याऐवजी घटत होता. सीमा ज्या गतीने उतरत होती त्या गतीने तुळशीच्या लग्नापर्यंत ती अंगठ्याशी पोचणार नाही, हे गणित सोपे होते.

तुळशीचे लग्न लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघे आले. व्याही आणि विहीणबाई. मी माझे सगळे कागद त्यांच्यापुढे तारीखवार मांडले. व्याह्यांनी ते एक एक करून पाहिले आणि नीट रचून परत दिले.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "पण टाचणी तुमची, कागद तुमचा आणि मुलगीही तुमची."

डॉक्टरांना बोलवू का, असे मी विचारणार होतो, तोच विहीणबाई म्हणाल्या, "सूनबाई, इकडे ये. डोळे मीट."

त्यांनी स्वतःच्या गाठोड्यातून सुई काढली. माझी बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मुलीने उजवा हात पुढे केला. विहीणबाईंनी कुठलाही क्रम ठेवला नाही. मनगटाशी लावली, मग तर्जनीवर, मग परत मनगटाशी.

"टोचलं." "टोचलं." "टोचलं."

मग त्यांनी सुई दूर धरली आणि थांबल्या.

"टोचलं नाहीत तुम्ही," मुलगी म्हणाली.

मग त्यांनी सुई अंगठ्याच्या मुळाशी, भाजल्याच्या जागी लावली. तिथे अजून पाऊण बोटभर जागा बधिर होती. मला ती जागा डोळे मिटूनही काढून दाखवता आली असती. मुलगी गप्प होती. सुई लागली आहे हे तिला कळणार कसे? आणि तरीही "टोचलं" म्हणायला तिला काही अडचण नव्हती. समोर कोणीतरी सुई लावत आहे, हे तिला ठाऊकच होते.

"आत्ता?" विहीणबाईंनी विचारले.

"काही नाही."

"मी लावली होती."

"मग अंगठ्याच्या मुळाशी लावली असेल. तिथे अजून कळत नाही."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे बरी झालेली नाही."

नवे टोक, पेशी, महिन्याला एक पेर, हे सगळे माझ्या डोक्यात होते आणि यातले काहीही त्यांना बापाच्या वकिलीसारखेच वाटले असते.

विहीणबाई सुई परत गाठोड्यात खोवत होत्या. "आषाढात या हाताला सुई मीच लावली होती," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इथपासून इथपर्यंत काही नव्हतं. तुम्ही शेजारी उभे होतात. आता एवढंच राहिलंय."

"पण राहिलंय ना?"

"महारोग मागे सरलेला कधी ऐकलाय तुम्ही? मी नाही ऐकला."

तो शब्द आमच्या घरात प्रथमच उच्चारला गेला होता. माझ्या सगळ्या कागदांनी जे झाले नाही ते विहीणबाईंच्या दोन वेळच्या सुईने झाले. आधीचे माप त्यांचे स्वतःचे होते, आणि नंतरचेही. व्याह्यांनी डोक्यावरचे पागोटे काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "पंचांग पाहा. दिवस बरा असेल तर उद्याच नेऊ."

बायको आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून तिने उगाच पातेली वाजवली. विहीणबाईंनी गोठाचे दोन तुकडे मागून घेतले, पदराच्या टोकात बांधले आणि म्हणाल्या, "हे सांधून परत हातात घालू."

"डाव्या हातात घालते," मुलगी म्हणाली. "उजव्यात नको."

एवढ्या महिन्यांत सासरच्यांना उलट उत्तर तिने हे पहिलेच दिले होते, आणि तेही आता.

"अगं, डाव्या हातात एक गोठ आधीच आहे. एका हातात सोनं आणि एकात नाही, हे लोकांना कसं दिसेल?" विहीणबाईंनी विचारले.

"उजव्यात बांगड्या आहेत ना."

"बायका विचारतील."

"सांगा, मुसळ लागलं होतं म्हणून."

विहीणबाईंनी पदराची गाठ आणखी आवळली आणि म्हणाल्या, "बरं. विचारू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मुलीची ओटी भरली आणि ती गेली. गाडीत बसताना व्याह्यांनी तिचे बोचके स्वतः उचलून आत ठेवले.

उरलेल्या जागेपैकी बरीचशी पुढल्या उन्हाळ्यापर्यंत परत आली, असे तिनेच सांगितले. भाजल्याच्या डागापुरती मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, सगळेच धागे आपली जुनी वाट शोधतात असे नाही. दोन वर्षांनी ती बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. न्हाणीच्या दाराशी बसून बाळासाठी पाणी विसणत होती. पाणी सोसेल का ते पाहायला तिने डावा हात बुडवला, थोडे गार पाणी घातले, पुन्हा डावाच हात बुडवला आणि मग बाळाला पायांवर घेतले.